जेम पोर्टलचं परीक्षण : दर दिसतो, रिमचं वजन दिसत नाही

तालुक्याच्या कार्यालयात कागद संपला की भांडारपालाला आता "कुणाकडून मागवायचा?" असं कुणी विचारत नाही. "जेमवर बघितलं का?" हाच पहिला प्रश्न असतो. गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस म्हणजे जेम, सरकारी खरेदीची ऑनलाइन बाजारपेठ, ९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालं. तोवर केंद्राचे दरकरार करणारं पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ऑक्टोबर २०१७ अखेर बंद झालं. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमावलीतल्या नियम १४९ नं केंद्रीय कार्यालयांना जेम बंधनकारक केलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रानंही शासन निर्णय काढून ते स्वीकारलं. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात इथली उलाढाल ४ लाख कोटी रुपयांच्या वर गेली. एवढ्या मोठ्या दुकानाचं परीक्षण दोन गिऱ्हाइकांच्या बाजूनं करायला हवं : खरेदी करणारं छोटं सरकारी कार्यालय आणि माल विकणारा छोटा पुरवठादार.

निकाल आधीच सांगून टाकतो. दर शोधणं आणि कागद जपणं ही दोन कामं जेम चोख करतं. माल पारखणं हे त्याचं काम नाही, आणि गरज ठरवणं तर नाहीच. "ऑर्डर जेमवरून दिली आहे" हे वाक्य नस्तीत लिहिलं की आपण सुटलो, असं समजणारी कार्यालयं लेखापरीक्षणात नेमकी तिथंच अडकतात.

खातं उघडताना

कार्यालय प्रमुख हा प्राथमिक वापरकर्ता. त्याच्या लॉगिनमधून ऑर्डर देता येत नाही; तो फक्त माणसं नेमतो. खरेदीदार, माल घेणारा कन्साइनी आणि पैसे देणारा आहरण व संवितरण अधिकारी अशा तीन भूमिका असतात. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. मागणारा, घेणारा आणि पैसे देणारा वेगळा असला तर तिघांना मिळूनच गैरप्रकार करावा लागतो. प्रत्यक्षात छोट्या कार्यालयात तिन्ही पासवर्ड एकाच लिपिकाच्या डायरीत असतात आणि ओटीपी आला की साहेब केबिनमधून आकडे ओरडून सांगतात. मग त्या रचनेचा काय उपयोग? चौकशी लागली की ज्याच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी गेला, त्याची सही धरली जाते. "मला माहीत नव्हतं" हे उत्तर तिथं चालत नाही.

बदलीचा हंगाम ही दुसरी डोकेदुखी. अधिकारी कार्यमुक्त होतो, पण त्याच्या खात्यात चार ऑर्डरींची स्वीकृती अडकलेली असते. नवा माणूस आला तरी जुन्या लॉगिनमधलं काम आपोआप त्याच्याकडे येत नाही. प्राथमिक वापरकर्त्याला ते वर्ग करावं लागतं. कार्यमुक्तीच्या आदेशाआधी जेमवरच्या प्रलंबित कामांची यादी काढायची सवय लावली तर पुढचे दोन महिने पत्रव्यवहार वाचतो.

खरेदीचे मार्ग

मार्ग मुख्यतः तीन. छोट्या रकमेला थेट खरेदी. त्यावर एका मर्यादेपर्यंत किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या मालाची तुलना करून सर्वांत कमी दराची, म्हणजे एल-वन खरेदी. त्याहून वर बिड, म्हणजे ऑनलाइन निविदा, किंवा रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे दर उतरवत नेण्याचा लिलाव. नियम १४९ मध्ये २०१७ साली या मर्यादा ५० हजार आणि ३० लाख होत्या. २०१९ मध्ये त्या २५ हजार आणि ५ लाखांवर आल्या. पुढे त्या ५० हजार आणि १० लाख झाल्या. इथं राज्याची कार्यालयं हमखास चुकतात. पोर्टलच्या पडद्यावर ५० हजारांपर्यंत थेट खरेदीचं बटण चालू दिसतं, म्हणून आपले वित्तीय अधिकार तेवढे झाले असं होत नाही. बटण केंद्राच्या मर्यादेवर चालतं, अधिकार मात्र राज्याच्या १ डिसेंबर २०१६ च्या खरेदी नियमपुस्तिकेतून, तिच्या सुधारणांतून आणि आपल्या विभागाच्या वित्तीय अधिकारांच्या आदेशातून येतात. लेखापरीक्षक बटण बघत नाही, आदेश बघतो.

मागणीचे तुकडे करण्याचा जुना खेळ पोर्टलवरही चालतो. नऊ लाखांच्या खुर्च्या एका महिन्यात वीस ऑर्डरींत घेतल्या की थेट खरेदीत बसतात. पूर्वी हे पकडायला दोन कपाटं धुंडाळावी लागत. आता ऑर्डरी तारखेनिशी एकाखाली एक दिसतात आणि एका एक्सेल शीटवर फिल्टर लावला की प्रकरण उघडं पडतं. पोर्टलचा खरा फायदा हा आहे, आणि तो खरेदीदारापेक्षा तपासणाऱ्याला जास्त मिळतो.

एल-वन तुलनेचं मर्म डाव्या बाजूच्या फिल्टरमध्ये आहे. लॅपटॉपच्या पानावर प्रोसेसर, रॅम, स्टोरेज निवडलं तर बरेच पर्याय उरतात. त्यात वजनाची कमाल मर्यादा, बॅटरीची नेमकी क्षमता आणि एखाद्या पोर्टची विशिष्ट संख्या टाकत गेलं की यादी आक्रसत तीनवर येते. त्यातले दोन नावापुरते चढ्या दराचे आणि तिसरा "आपला". नियम अक्षरशः पाळला गेला, तीन उत्पादकांची तुलना झाली, आणि निवड फिल्टर लावतानाच होऊन गेली. म्हणून नस्तीत तुलनात्मक तक्त्याबरोबर लावलेले फिल्टर दिसतील अशी छापील प्रत त्याच दिवशी लावावी, आणि प्रत्येक अटीपुढे ती का हवी हे एका ओळीत लिहावं. दुसऱ्या दिवशी दर बदलतात, काही माल यादीतून जातो, आणि "त्या दिवशी काय दिसत होतं" हे मग कुणालाच सिद्ध करता येत नाही.

सवलतीच्या आकड्याला भुलू नये. कमाल किमतीवर ४० टक्के सूट असं लिहिलेलं असतं. ती कमाल किंमत ठरवतो विक्रेताच. बाजारातल्या दोन दुकानांचा किंवा एखाद्या खासगी संकेतस्थळाचा त्याच मॉडेलचा दर शेजारी लिहून ठेवावा. दर वाजवी आहे याची खात्री करण्याची जबाबदारी नियमानं खरेदीदारावरच आहे. जेमचा दर म्हणजे सरकारमान्य दर नव्हे.

बिड आणि त्याला जोडलेल्या अटी

मोठ्या खरेदीत पोर्टलचं बिड दस्तऐवज तयार मिळतं आणि ते बरंच नीट बांधलेलं आहे. उशिराला आठवड्याला ०.५ टक्का आणि जास्तीत जास्त १० टक्के दंड, सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाणा रकमेतून सूट, तांत्रिक खुलाशासाठी दोन दिवस, हे सगळं त्यात आधीच असतं. लिपिकानं जुन्या निविदेतून वीस पानं उतरवून घ्यायची गरज संपली. तरीही तो उतरवतोच. "खरेदीदाराच्या अतिरिक्त अटी" या रकान्यात जुनी निविदा जशीच्या तशी पीडीएफ करून जोडली जाते आणि तिथून भांडण सुरू होतं. पोर्टलच्या तरतुदींनुसार काही अटी मुळातच निरर्थक ठरतात : निविदा शुल्क मागणं, विशिष्ट ब्रँडचा आग्रह, ज्यांना बयाण्यातून सूट आहे त्यांच्याकडून बयाणा मागणं, बाहेरच्या संकेतस्थळावर टाकलेल्या अटींचा हवाला देणं. अशा अटीवर एखाद्याला अपात्र ठरवलं की तो हरकत घेतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ज्या वस्तूचा स्वतंत्र वर्ग जेमवर आहे तिच्यासाठी कस्टम बिड काढणं हाही त्याच यादीतला गुन्हा. कस्टम बिडमध्ये वैशिष्ट्यं स्वतः लिहिता येतात, म्हणून मोह होतो. वर्ग खरंच नसेल तरच तो मार्ग धरावा. आणि जेमबाहेर जायचं असेल तर उपलब्धता अहवाल व मागील व्यवहारांचा गोषवारा पोर्टलवरून काढून त्याचा क्रमांक निविदेत द्यावा लागतो. हा अहवाल काढायला काही मिनिटं लागतात; तो नसल्यामुळे निघालेला आक्षेप निकाली काढायला वर्षं जातात.

रिव्हर्स ऑक्शन निवडताना एक खूण लक्षात ठेवावी. सर्वांत चढ्या दराचा बोलीदार वगळून बाकीचे लिलावात घ्यायचे, की कमी दराचे निम्मेच घ्यायचे, हा पर्याय खरेदीदार निवडतो. बोलीदार चार-पाचच असतील तर निम्मे घेतल्यानं स्पर्धा दोन-तीन जणांत येते, आणि दोघांचं फोनवर जमायला वेळ लागत नाही.

मनुष्यबळाच्या कंत्राटात मात्र हे दर शोधणारं यंत्र जवळजवळ आंधळं होतं. किमान वेतन ठरलेलं, भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा वाटा ठरलेला, राज्य विमा योजनेचा ३.२५ टक्के ठरलेला. उरतो फक्त सेवाशुल्काचा दर, आणि तिथं सगळे तळाला एकाच आकड्यावर येऊन थांबतात. मग बरोबरी सोडवायला यंत्र चिठ्ठी काढल्यासारखा एकाला निवडतं. इतक्या कमी शुल्कात कंत्राटदार पोट कशावर भरणार, याचं उत्तर सफाई कामगाराच्या बँक पासबुकात सापडतं. उपाय बिडमध्ये नाही, मासिक देयकात आहे. देयकाबरोबर भविष्य निर्वाह निधीचं इलेक्ट्रॉनिक चलन-विवरण घ्यावं आणि त्यातली नावं हजेरीपत्रकातल्या नावांशी एकेक करून ताडून पाहावीत. हजेरीत अठरा आणि विवरणात अकरा, असं निघालं की देयक तिथंच थांबवायचं. नुसती चलनाची रक्कम बघणं पुरेसं नाही. कंत्राटदाराच्या दुसऱ्या ठिकाणच्या माणसांचं चलनही तेवढ्याच रकमेचं असू शकतं.

माल आल्यावर

इथं पोर्टलचं काम संपतं आणि तराजूचं सुरू होतं. माल पोचल्यावर ४८ तासांत तात्पुरती पोच, १० दिवसांत पारखून स्वीकृती किंवा नकार, आणि स्वीकृतीनंतर १० दिवसांत पैसे, असं वेळापत्रक आहे. या स्वीकृतीच्या प्रमाणपत्राला सगळे "क्रॅक" म्हणतात. कन्साइनी रजेवर असला किंवा खोकी न उघडताच पडली, तर मुदतीनंतर क्रॅक आपोआप तयार होतं. म्हणजे कुणी न बघितलेला माल कागदावर पसंत पडलेला असतो.

ए-फोर कागदाचंच उदाहरण घ्या. ऑर्डर ७५ जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम भरणाऱ्या कागदाची, ५०० पानांची रिम. पान २१० बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे ०.०६२३७ चौरस मीटर. ७५ नं गुणलं की एका पानाचं वजन ४.६८ ग्रॅम, आणि ५०० पानांचं २ किलो ३४० ग्रॅम. तोच कागद ७० जीएसएमचा असेल तर रिम २ किलो १८० ग्रॅमच्या आसपास भरते. फरक दीडशे ग्रॅमचा, हाताला अजिबात न जाणवणारा. दोनशे रिमांच्या ऑर्डरीत तो ३१ किलो कागद होतो. किराणा दुकानातला डिजिटल काटा आणावा, वेगवेगळ्या खोक्यांतून पाच-सहा रिमं काढावीत, वेष्टन उतरवून वजन करावं. उत्पादनातली थोडी कमी-जास्त आणि हवेतला ओलावा सोडून द्यावा, पण सगळ्याच रिमा २ किलो २०० च्या खाली असतील तर तो ७५ जीएसएमचा कागद नाही. वेष्टनावर काहीही छापलेलं असो. वजन मध्येच कुठंतरी भरलं तर एका रिमेतली पानं मोजावीत. वीस पानं कमी असली की ९० ग्रॅम तिथंच गेले. तपासणीची तारीख, काढलेल्या रिमांची संख्या आणि प्रत्येकीचं वजन साठा नोंदवहीत लिहून दोघांनी सही करावी. नकार द्यायचा तर पोर्टलवर कारणासह द्यावा आणि काट्यावरच्या रिमेचा फोटो जोडावा. फोनवर "माल बदलून दे" सांगून क्रॅक देऊन टाकायचं, हा व्यवहारी वाटणारा मार्ग सर्वांत महाग पडतो, कारण स्वीकृती झाल्यावर पुरवठादारावरची पकड जवळजवळ सुटते.

टोनरच्या बाबतीत काटा चालत नाही. तिथं मागणीतच पानांची क्षमता आयएसओ/आयईसी १९७५२ या मोजमापानं लिहावी, आणि प्रत्येक टोनर लावल्याची तारीख व तेव्हाचा प्रिंटरचा काउंटर नोंदवावा. तीन टोनर संपेपर्यंत खरं काय ते कळतं.

पैसे

स्वीकृतीनंतर १० दिवसांत पैसे न दिल्यास केंद्रीय कार्यालयांवर महिना १ टक्का दंडव्याज आहे. राज्याच्या ज्या कार्यालयाचं देयक कोषागारातून जातं आणि पोर्टलशी जोडलेलं नसतं, तिथं गाडी वेगळ्या रुळावर चालते : बीम्सवर, म्हणजे राज्याच्या अनुदानवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, अनुदान आहे का ते बघा, देयक करा, कोषागाराचा आक्षेप आला तर दुरुस्त करा, पैसे गेले की व्यवहार क्रमांक पोर्टलवर भरा. हा शेवटचा क्रमांक भरायचा राहतो आणि पैसे देऊनही ऑर्डर थकबाकीत दिसत राहते. मार्चमध्ये तर अनुदानच शेवटच्या आठवड्यात येतं. मग २९ तारखेला ऑर्डर, ३० ला पोच, ३१ ला क्रॅक, असा क्रम पोर्टलवर मिनिटांसकट उमटतो. नागपूरहून निघालेली दोनशे खोकी एका दिवसात सिंधुदुर्गात पोचली, हे महालेखापालांच्या पथकाला पटवणं अवघड आहे.

पुरवठादाराच्या बाजूनं

छोट्या विक्रेत्यासाठी जेम हे आधीपेक्षा नक्कीच मोकळं दार आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असली की बयाणा माफ. सूक्ष्म व लघु उद्योगाचा दर एल-वनच्या १५ टक्क्यांच्या आत असेल आणि खरेदीवर ते धोरण लागू असेल, तर एल-वन दरावर पुरवठ्याची संधी मिळते. ऑगस्ट २०२४ पासून १० लाखांपर्यंतच्या ऑर्डरीवर व्यवहार शुल्क नाही. त्यावर १० कोटींपर्यंत ०.३० टक्के. साहेबाच्या दारात ताटकळल्याशिवाय गडचिरोलीची ऑर्डर इचलकरंजीत बसून मिळते, हे खरं आहे.

पण लिलावात उतरण्याआधी तळाचा दर कागदावर लिहून ठेवला नाही तर लिलावच माणसाला खाली ओढत नेतो. शेवटच्या मिनिटांत कुणी दर कमी केला की वेळ वाढते, आणि आणखी शंभर रुपये सोडायचा मोह होतो. त्या तळात जीएसटी, दुर्गम ठिकाणापर्यंतचं भाडं, उतरवणी, व्यवहार शुल्क आणि पैसे चार महिने अडकले तर लागणारं व्याज, हे सगळं हवं. अडीच लाखांवरच्या करारात सरकारी कार्यालय जीएसटीचा २ टक्के टीडीएस कापतं. तो परत मिळतो, पण खेळतं भांडवल तेवढं अडकतं. जिंकल्यावर माघार घेतली तर पोर्टलवरून निलंबन होऊ शकतं. पैसे ४५ दिवसांच्या पुढे रखडले तर सूक्ष्म व लघु उद्योगांना थकीत पैशांची तक्रार ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाता येतं. बरेच जण पुढची ऑर्डर जाईल या भीतीनं जात नाहीत, आणि पोर्टलकडे त्या भीतीवर बटण नाही.

कशासाठी वापरू नये

रस्ता, इमारत, दुरुस्ती ही कामं जेमची नाहीत. कामाचं कंत्राट सेवेच्या नावाखाली कस्टम बिडमध्ये घुसडणं हे नियमातही बसत नाही आणि मोजमाप पुस्तिकेतही बसत नाही. त्यासाठी राज्याचं महाटेंडर्स हे ई-निविदा पोर्टल आहे, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) प्रणालीवर चाललेलं. ते दिसायला जुनाट, पण लिफाफ्याची गुप्तता ते कसोशीनं जपतं. बोली उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल स्वाक्षरीच्या किल्लीनंच ती बंद होते, आणि त्यांच्याशिवाय कुणालाच उघडता येत नाही. म्हणून उघडणारे चार नेमावेत, कोणत्याही दोघांनी उघडता येईल असं ठेवावं. दोनच नेमले आणि मधल्या काळात एकाची बदली झाली किंवा स्वाक्षरीची मुदत संपली, तर लिफाफा सर्व्हरवर बंदच राहतो. बोलीदारानं दरपत्रकाच्या एक्सेल फाइलचं नाव बदलू नये, स्कॅन १०० डीपीआय कृष्णधवल ठेवावा, आणि एकदा बोली मागे घेतली की त्याच निविदेत पुन्हा भरता येत नाही हे लक्षात ठेवूनच ते बटण दाबावं. घड्याळ आपल्या मनगटावरचं बघू नये, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातलं सर्व्हरचं बघावं. मुदत त्यावर संपते.